शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा

सहा वर्षं आम्ही हळू वाजवलं.
एक सूर सोडायचा, तो विरेपर्यंत थांबायचं.
मधल्या जागेत एसीचा कॉम्प्रेसर घरघरायचा
आणि रूबेन म्हणायचा, हाही आपल्यातलाच.

मार्चमध्ये रूबेनचा व्हिसा संपला.
ड्रमवर आता शेजारच्या गॅरेजातला इद्रीस,
दिवसभर गाड्यांची चेपलेली दारं ठोकून सरळ करणारा.
त्याला हळू येत नाही.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, जरा दमानं.
दुसऱ्या दिवशी जाड तार दोन पट्ट्या खाली उतरवली,
अ‍ॅम्पचा काटा कधी नव्हे तो आठवर.
पत्रा थरथरला. खिळ्यावरचं कॅलेंडर पडलं,
त्यावर अजून मार्चच होता.

थांबलो तेव्हा
कानांत नुसती शिट्टी,
आणि कॉम्प्रेसर चालू आहे की बंद
कुणालाच सांगता येईना.