लंबगोल

"अंडाकृती म्हणू नका हो, आज चतुर्थी आहे,"
म्हणाले दिघे, आणि मुरैनाच्या गजकेचा डबा उघडला.
आत गजक नव्हती. कागदात कागद, त्यात
एकाहत्तर सालचं लग्न, कंपूतलं,
काळं-पांढरं, कडेनं कसरीनं चाखलेलं.
"ही आमची आई. द्वारका. ही, इथं, खांबाशी."

नखाएवढी बाई.
समोर सगळी पंगत, मांडवाच्या झिरमिळ्या, नवरानवरी,
आणि ही कोपऱ्यातून परात घेऊन निघालेली.
फोटोत यायचं नव्हतंच तिला,
वाट तिथून होती, म्हणून आली.

वडिलांचा आहे भिंतीवर, लंबगोल,
बावन्न साली स्टुडिओत बसून काढलेला:
कोट, टोपी, मागे रंगवलेला जिना.
शेजारी खिळा कधीचा ठोकून ठेवलाय.
"त्याच मापाचा करा. जोडी दिसली पाहिजे."

दौलतगंजात आमचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर;
खाली तबल्याला शाई लावणाऱ्याचं दुकान,
दिवसभर तो एकच थाप तपासत असतो.
मी स्कॅन केलं. लंबगोल घेतला,
तिच्या कपाळाशी टेकवला आणि ओढला.
तिच्याभोवती मुंग्यांची रांग चालू लागली.
खाली सरकवलं तर परात येते,
वर सरकवलं तर हनुवटी जाते,
उजवीकडे कुणाचं तरी कोपर, वाकीसकट.

मोठं केलं. आणखी मोठं.
इतक्या जवळून गोल असं काही नसतंच,
चौकोनच सगळे, पायरी पायरीनं वळत जातात,
लांबून बघणाऱ्याला ती गोलाई वाटते.
आणि तिथं, डाव्या गालावर, एक ठिपका.

"काकूंच्या गालावर तीळ होता का?"

चौसष्ट वर्षांचा माणूस.
"असेल," म्हणाले. मग, "नसावा."
उज्जैनला थोरल्या बहिणीला फोन लावला:
होता, पण उजव्या.
पुण्याच्या भावाला: छे, तो ताईआत्याला.
इंदूरच्या मावशींना ऐकू कमी येतं, त्या म्हणाल्या,
तिळाचे लाडू ती करायची, तसे परत नाही झाले.
दिघ्यांनी फोन खिशात ठेवला.
"हाताचं विचारा," म्हणाले,
"उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, चिंचोक्याएवढा.
करंगळी वाकडी."
हात लंबगोलात येत नव्हते.

मी मूळ फोटो खिडकीशी नेला,
नखानं हलकेच टोकरलं.
निघाला. तीळच होता, गजकेचा.
पण त्याच्याबरोबर खालचा पापुद्राही आला,
गालावर पांढरं पडलं,
आणि तिथं आधी काय होतं
ते आता कुणालाच सांगता यायचं नाही.

स्क्रीनवर अजून पहिलंच स्कॅन होतं.
"पुसू? एक क्लिक. शेजारचाच गाल उचलून
तिथं बसवायचा, कळतसुद्धा नाही."
खाली थाप थांबली होती.
दिघे स्क्रीनच्या इतके जवळ आले
की त्यांना चौकोनच दिसले असणार.
"असू दे," म्हणाले. "बरा दिसतोय."

मॅट, जाड कागद, एकशे ऐंशी रुपये.
सुटे नव्हते, वीस उद्या देतो म्हणाले.

लग्न मी पुसलं नाही, नुसतं झाकलंय.
फाईलमध्ये पांढऱ्याखाली ती पंगत
अजून बसलेली आहे, परातीची वाट बघत.

रात्री सासूबाईंना पोळी वाढताना
मी वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे
जरा जास्तच वेळ पाहत राहिले.
त्यांनी पदरानं गाल पुसला.
"काय गं," म्हणाल्या, "काही लागलंय का?"