पाणी किती होतं

माझी पणजी द्वारका मालवणात उतरली
तेव्हा पाणी किती होतं, यावर आमच्या घरात
आजवर एकमत नाही.

एवढं सगळ्यांना मान्य:
बोट किल्ल्यापलीकडे नांगर टाकून उभी राहिली,
माणसं होडीतून आणली,
होडी वाळूला लागायच्या आधीच थांबली
आणि पास्कू नावाच्या खलाशानं नव्या नवरीला
खांद्यावर घेऊन कोरड्या रेतीवर ठेवली,
मागून तिची पत्र्याची ट्रंक.
लग्न गिरगावात झालेलं. वय पंधरा.
तोवर तिनं समुद्र पाहिला होता तो चौपाटीवर,
म्हणजे बसून.

ती स्वतः म्हणायची, गुडघ्याभर.
"पास्कूची चड्डी सुकी होती. मीया बघितलंय."
आणि मग तोंडाला पदर लावायची.

आजोबा भिकाजी तेव्हा जन्मलेही नव्हते,
पण रापणीचा दोर ओढून हात सोललेला माणूस,
ते तिथीवर यायचे.
"चतुर्थी होती ना? दुपार होती ना?
मगे भरती. कमरेभर. गुडघ्याचा नाव काढू नको."
पणजी चुलीकडे तोंड फिरवून म्हणायची,
"खांद्यार मी होतंय, चतुर्थी नाय."

आणि नाना, माझे वडील, डोंबिवलीच्या पोस्टातले,
ते छातीच्या खाली कधी आलेच नाहीत.
दर मे महिन्यात एसटी कसाल सोडली
की खिडकीतून वारा यायचा, आणि पाणी चढायचं.
एका वर्षी वीज चमकली.
एका वर्षी पास्कूच्या फक्त मिश्या दिसत होत्या.

पुरावा होता: ती ट्रंक.
आत, तळापासून चार बोटांवर,
गंजाची सरळ रेघ.
"खारं पाणी. बघ," नाना म्हणायचे.
मी आठ वर्षांची असताना
कोणी नाही बघून ती रेघ चाटली.
खारट होती.

नानांच्या तेराव्याला
शालन आतेनं ट्रंककडे बघून विचारलं,
"ही अजून कित्याक ठेवलास?"
मी रेघ दाखवली. पास्कूचं सांगितलं.
"खयचो समुद्र गो!
एकसष्ट साली आवशीन हिच्यात खारे बांगडे भरले होते.
आठ दिवस घरात बसवत नव्हता."
पानावर बसलेले सगळे हसले,
भटजींना ठसका लागला,
आते सर्वांत जास्त हसली
आणि हसता हसताच तिचा आवाज फाटला,
कारण आता भांडायला
नाना उठून येणार नव्हते.

यंदा डिसेंबरात लेकीला, नातवाला घेऊन गेले.
घर विकून नऊ वर्षं झाली, तिथे लॉज आहे,
आम्ही पैसे भरून तिथेच उतरलो.
खोली एकशे चार,
अंदाजे आमच्या न्हाणीघरावर.
रात्री नळाखाली पाय धुताना
मी उगाच "पाणी तापलं का?" असं विचारलं.
लेक म्हणाली, गीझर लाव ना.

सकाळी बंदरावर
स्कूबाचे फलक, लाइफ जॅकेटचे नारिंगी ढीग.
एका होडीवाल्या पोराला विचारलं,
मुंबईची बोट नेमकी कुठे उभी राहायची रे?
त्यानं मोबाइलवरून मान वर केली.
"खयची बोट?"
चूक त्याची नाही. मीही ती पाहिलेली नाही.
तरी मी बोट दाखवत राहिले
किल्ल्याच्या पलीकडे, जरा डावीकडे,
जिथे काहीच नव्हतं, आणि तो
भल्या मनानं तिकडे बघत राहिला.

इतक्यात कैवल्य पाण्यात शिरला.
सहा वर्षांचा. चपलांसकट.
मी त्याच्या मागे.
रेतीवरून लेक ओरडली,
"अरे, पाणी किती आहे?"

त्यानं वळून
तळहात छातीवर आडवा ठेवला.
"इतकं!"

मी त्याच्या शेजारीच उभी होते,
साडी गुडघ्याच्या वर धरून.
काठ कोरडा होता.