लघुशंका

आपल्या भाषेनं बरं नाव ठेवलंय याला.
लघु शंका. बारीकसा संशय.
माझं घर त्याच्यावरच चालतं.

टोलीडो, ओहायो. बंद पडलेल्या काचकारखान्यामागे
आमची लॅब, रात्री अकरा ते सकाळी सात.
बर्नाडेट कुरियरच्या पेट्या फोडते,
मी बाटल्या रॅकमध्ये लावते:
प्रोबेशनवाले, ट्रकवाले, पाठदुखीच्या क्लिनिकचे,
मुलं परत मिळावीत म्हणून
कोर्टाच्या तारखा मोजणाऱ्या आया.
नावं नसतात, रंग असतात.
उसाच्या रसाचा, दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा,
आणि काही इतके फिके
की घटाघटा पाणी ढोसून आलेला माणूस आरपार दिसतो.
क्रिएटिनीन मोजलं की कळतंच,
कोण किती पाण्यात आहे.

गुंगी डोळ्यांवरून उतरते,
पण मूत्रपिंड चुगलखोर.
परवाची झोप आज सांगतं.
डायझेपाम तर पाहुणा गेल्यावरही
दारात राहिलेल्या चपलांसारखं,
आठवडेच्या आठवडे.

शनिवारी नमुने घ्यायलाही मीच.
संडासात निळं पाणी, नळाला टेप,
पर्स बाहेर, खिसे उलटे.
त्या दिवशी एकसष्ट वर्षांची बाई होती,
हातात कप, कपावर थरथरणारं झाकण.
वीस मिनिटांनी दारामागून म्हणाली,
"येतच नाहीये गं. काहीतरी बोल ना."
नियमांच्या पुस्तकात बोलण्याबद्दल काही नाही.
मी दाराला पाठ टेकली
आणि शूऽऽ केलं,
मिरजेला मोरीत बसवून आई करायची तसं,
ओठ पुढे काढून,
जगात कुणालाच कसली घाई नसल्यासारखं.
आत शांतता. मग हसू. मग धार.
पट्टीवर चौऱ्याण्णव अंश.
सही: वॉन्डा नेमेथ.

सोमवारी तिची बाटली माझ्याच रॅकमध्ये.
शेवटचे चार आकडे मी पाठ केले नव्हते,
झाले होते.
पहिलं यंत्र म्हणालं: निरंक.
क्लोनॅझेपाम, दिवसातून दोनदा, अकरा वर्षं,
आणि लघवीत काहीच नाही.
म्हणजे विकते.
क्लिनिकमध्ये असंच वाचतील, गोळी तोडतील.
अकरा वर्षांची गोळी एकाएकी तुटली
की अंगाला झटके येतात,
याला रिपोर्टात रकाना नाही.

पण हे यंत्र या गोळीपुरतं बहिरं आहे.
शरीर तिचं नाव बदलतं,
सासरी गेलेल्या मुलीचं बदलायचे तसं,
आणि यंत्र माहेरच्या नावानं
हाका मारत बसतं.

मोठ्या यंत्राला डॉक्टरची वेगळी चिठ्ठी लागते,
वेगळे एकशेचाळीस डॉलर.
बर्नाडेटनं माझ्याकडे पाहिलं,
मग कॉफी आणायला गेली,
जवळचं मशीन सोडून, पार खालच्या मजल्यावर.
चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर
एक सुळका उभा राहिला. बारीक, ताठ.
होती. घेत होती बाई.
दिलेली गुंगी इमानानं घेत होती.

रिपोर्टाला तो कागद मी जोडला.
विचारतील, कुणी सांगितलं होतं?
सांगेन, शंका आली.

साडेसातला घरी. जाड पडदे.
मॉमी नदीवर ऊन चढत असतं तेव्हा
मी अर्धी पांढरी गोळी जिभेवर ठेवते.
चौथं वर्ष आहे.
आमच्या बारा औषधांच्या यादीत ती नाही,
मी पाहिलंय. दोनदा.
पडण्याआधी एकदा जाऊन येते.
फ्लश ओढताना
खाली बघत नाही.