हेळव्याची वही

निलंग्याच्या रस्त्यानं हेळवी आला,
बैल बाभळीला बांधून ओट्यावर बसला.
आधी पायलीभर जवारी, मग वही.

"मूळपुरुष रखमोजी. मांजरा ओलांडून आला,
संगं सात म्हशी, एक मुका भाऊ.
म्हैस बसली तिथं गाव."

रखमोजीचा येसाजी, येसाजीचा दौलत,
दौलतचे तीन. मधला हैदराबादेकडं गेला,
त्याच्यापुढं नुसती रेघ.

"पण मांजरा का ओलांडली?"
मी विचारलं, दारामागून.

थुंकी लावून त्यानं पान उलटलं.
"खून. बांधावरून. सख्ख्या चुलत्याचा."

मामंजी उठले,
बैलाला पाणी दाखवायला गेले.
बैल तर मघाच पिऊन बसलेला.

"आणि रखमोजीची बायको?"

"बायकांची नावं नसतात, बाई.
म्हशींची आहेत.
सांगू?"