तीन नंबर

सकाळी थंड असते तेव्हा ती शहाण्यासारखी वागते.
पालद्याच्या गोदामातून
बॅटरीच्या पाण्याचे चाळीस कॅन घेऊन निघते,
नवलख्यापर्यंत तक्रार नाही.
मग काटा मध्यावर येतो, इंजिन तापतं,
आणि बंगाली चौराह्याच्या पुलावर
चढता चढता ती ठेचकाळते,
भर सभेत एकच शब्द न आठवणाऱ्या माणसासारखी.

दोन हजार दोनची टाटा दोनशे सात.
दाराचा निळा रंग तीन वेगवेगळ्या वर्षांचा.

मी आधी पंपवाल्याच्या डिझेलवर संशय घेतला.
फिल्टर बदलला.
नळीत हवा धरली असेल म्हणून
हातपंप मारून मारून अंगठा सुजवला.
मेहुणा म्हणाला, विकून टाका.
मेहुण्याला सगळंच विकून टाकता येतं.

इशाक मिस्त्री काहीच म्हणाला नाही.
विडी कानामागे तशीच ठेवून
बॉनेटपाशी नुसता उभा राहिला.
"बंद मत करो भिया. गरम-गरम सुनने दो."

चार सिलिंडरांचा एक पाढा असतो,
रांगेतला नाही, त्यांचा त्यांचा:
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
आज तो
एक,
     चार, दोन
असा येत होता, आणि मधल्या त्या खड्ड्यात
अख्खी गाडी एकदा खांदे उडवत होती.

इशाकने सतरा नंबरचा पाना घेतला.
पहिल्या नळीचा नट सैल केला,
डिझेल फसफसलं, इंजिन लंगडलं.
म्हणजे पहिला कामावर आहे.
चौथा सैल केला, तेच.
दुसरा सैल केला, बंद पडता पडता राहिली.
तिसरा सैल केला.
काही नाही.
फडकं डिझेलने भिजत गेलं,
आवाज जसाच्या तसा.

रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या बैठकांना
मी तीन वर्षं गेलेलो नाही.
हे मला तिथे, त्या वासात, का आठवावं?
इतिवृत्तात अजून माझं नाव असतं म्हणे,
देवधर, सदस्य, उपस्थित.

मग त्याने तिसऱ्याचा नोझल पहिल्याला लावला,
पहिल्याचा तिसऱ्याला.
खोड नोझलची असेल तर त्याच्याबरोबर जाईल.
गेली नाही. तिसऱ्यातच बसून राहिली.
"मेहमान ठीक है," इशाक म्हणाला, "घर में लफड़ा है."

इंजिन निवायला अडीच तास लागले.
तेवढ्यात त्याने एका रिक्षाचं क्लच केलं,
मी दोन चहा घेतले आणि एक जुना पेपर
राशिभविष्यासकट वाचला.

वरचं झाकण निघालं.
टॅपेटखाली त्याने पातळ पत्ती घालून पाहिली.
पत्ती जाईचना.
"ये किसने कसा?"

मी.
मे महिन्यात समोर नवे भाडेकरू आले,
पहाटे चारला तुमची गाडी टकटकते म्हणाले.
एका रविवारी बनियनवर बसून
सगळ्यात मोठ्याने बोलणारा टॅपेट शोधला
आणि गप्प होईपर्यंत आवळला.
फार बरं वाटलं होतं तेव्हा.
बायकोला बोलावून ऐकवलं होतं, बघ, कशी चालते.

वाल्व्ह तापला की वाढतो.
मी त्याला वाढायला जागाच ठेवली नव्हती.
दार पुरतं लागत नव्हतं,
फटीतून श्वास निसटत होता,
दाब बनेना, आग धरेना.

"थोड़ी टकटक चाहिए, भिया.
जो बिलकुल चुप हो गया ना, वो अंदर जल रहा है."
एवढं बोलून त्याने विडी पेटवली.

शेवटी पत्ती माझ्या हातात दिली. ओढा.
ओढली. जरा अडली,
मग आली.
"बस. इतना."

आज पहाटे चारला टकटक सुरू झाली,
समोरच्या घरात दिवा लागला.
मी त्या खिडकीला हात जोडले
आणि गिअर टाकला.
काटा मध्यावर आला तेव्हा पुलाची चढण लागली होती.
मी रेडिओ बंद केला,
काच खाली केली,
आणि मोजत राहिलो.
एक, तीन,