चुंबळ

वेंगुर्ल्यात, दाभोळी नाक्याच्या अलीकडच्या बोळात
आग्नेलचं फ्रेमचं दुकान.
काचेवर हिरा कर्र फिरतो तेव्हा
स्टुलाखालचं मांजर कान पाडतं.
कुणी बंद घर विकताना त्याला गठ्ठा देऊन गेलं :
दोन संत, एक लग्नाचा फोटो, आणि हा पिवळा कागद.
पॅरिस, म्हणाला आग्नेल. तांब्याच्या पत्र्यावर खोदून छापलेलं.
तीनशे वर्षं तरी झाली असतील.
खालचं त्यालाही वाचता येत नव्हतं.

मला दिसला पूल. पुलावर माणसं, मुंगीएवढी,
पण प्रत्येकाला टाच, टाचेखाली सावली.
दात उपटणारा. त्याचं गिऱ्हाईक, गुडघे आवळून.
धारवाला, एक पाय चाकाच्या फळीवर.
एक कुत्रं, ज्याच्याकडे अख्ख्या चित्रात कुणी बघत नाही.
घोडागाडीत बाई, नाकाला रुमाल.
म्हणजे वास होता,
आणि खोदणाऱ्यानं तो घेतला होता.

सगळ्यांची तोंडं उघडी.
फक्त कोपऱ्यातल्या मासळीवालीचं तोंड
कसरीनं खाल्लेलं. टाचणीच्या डोक्याएवढं भोक,
त्यातून टेबलाचा हिरवा रंग.

तेवढ्यात जयवंता आली, पाटीला हात मागत.
"काय बघतास रे दोगव?"
ओले हात लावू नको, म्हणाला आग्नेल.
तिनं ते पाठीमागे धरले आणि वाकली.
बराच वेळ. बांगड्यांवर माशा बसेपर्यंत.
मग म्हणाली, "हेका कायेक म्हायत नाय."
कोणाला?
"ह्या काढलल्याक. चुंबळ खंय हा?
उघड्या डोक्यार पाटी घेवन
ह्या बायलमाणूस
पुलाच्या त्या टोकाक पोचूचा नाय."

आपली चुंबळ तिनं झटकली,
जुन्या लुगड्याची, मिठानं कडक झालेली,
डोक्यावर बसवली, नीट, जशी कुणी टोपी बसवतं,
आणि आग्नेलला चार बांगडे उधार टाकून गेली.

तो कोपरा माउंटखाली जाणार होता,
भोकासकट. पेन्सिलीची खूणही झाली होती.
आग्नेलनं ती खोडली.
पट्टी पुन्हा लावली, अर्धा इंच बाहेर.
मी काही बोललो नाही, तोही नाही.

बोळाच्या तोंडाशी जयवंताची हाक लांबत गेली.
काच अजून बसवायची होती.