बिळापुरतं गणित

ट्रॉम्ब्याच्या खाडीला ओहोटी लागली
की टिपणीस गच्चीवरून उतरतो,
कानात अजून रात्रभराची खरखर.
चाळीस वर्षं वरचं ऐकतोय. कुणी बोलत नाही.

"होते रे," म्हणतो, "पण हुशार झाले असणार.
मग कशाला उरतात?"
अणुभट्टीच्या घुमटाकडे तेवढी पाठ करतो;
पेन्शन तिथलीच.

चिखलात निवट्या उड्या मारतायत,
डोळे टाळूवर, आभाळाला लावलेले.
त्यांना कुणाचं काही ऐकायचं नाही.
घार दिसली की बीळ. संपलं गणित.

चांगुणा कोळीण टोपली टेकवते.
"सापडलं का कोण वर?"
"नाही."
"मग ह्या घे. बिळातच गावल्या."
तिचा हात कोपरापर्यंत चिखलानं काळा.

टिपणीस पिशवी शोधतो,
पुन्हा एकदा वर बघतो, सवयीनं.